आठवण कोणी ठेवायची?

वारकऱ्यांच्या घरांतून अलीकडे एक प्रश्न वारंवार कानी येतो. विचारणारा तो बहुधा हलक्या आवाजात विचारतो, कीर्तन संपून मंडळी पांगल्यावर, बुक्का लावून घेताना. आई चाळीस वर्षे वारीला जात होती. हरिपाठ तोंडपाठ. एकादशी कधी चुकली नाही. आता तिला काही आठवत नाही. मुलाला ओळखत नाही, जेवलो की नाही ते सांगता येत नाही. गळ्यातली माळ चाचपते, पण ती कशाची हे विसरली आहे. मग महाराज, तिच्या नामाचे काय झाले? जन्मभर जोडलेले शेवटच्या दोन-चार वर्षांत पुसून गेले का? आणि अंतकाळी जिला देवाचे नावच सुचणार नाही, तिची गती काय?

विचारणाऱ्याला डॉक्टरांचे उत्तर नको असते, ते त्याला आधीच मिळालेले असते. त्याला धीराचे दोन शब्दही नको असतात. तो खरोखर विचारीत असतो, म्हणून त्याला विचारपूर्वकच उत्तर दिले पाहिजे. मात्र आपण आपल्या आयांविषयी बोलू लागलो की दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला गळा दाटतो आणि विचार तिथेच थांबतो. परक्या आईकडे जरा शांतपणे पाहता येते. म्हणून आज तुम्हाला फार लांबच्या एका घरात घेऊन जातो. ते घर वारकऱ्यांचे नाही, हिंदूंचेही नाही. ते न्यूयॉर्क शहरातल्या एलिझाबेथ स्ट्रीट नावाच्या गल्लीतले, इटलीहून आलेल्या लोकांचे घर आहे. तिथल्या आईचे नाव कॅथरिन स्कॉर्सेसी. याच आईकडे जायचे कारण असे, की तिचे बोलणे-चालणे तिच्या मुलाने ती धडधाकट असताना टिपून ठेवले, आणि आयुष्याच्या शेवटी तिलाही विस्मरणाच्या आजाराने गाठले.

थोडी पार्श्वभूमी सांगितली पाहिजे. 1880 ते 1920 या काळात चाळीस लाखांहून अधिक इटालियन माणसे अमेरिकेत उतरली. त्यांतली बहुतेक दक्षिण इटलीची आणि सिसिली बेटाची, म्हणजे कोरडवाहू, गरीब मुलखातली. जमीन दुसऱ्याची, राबणे आपले, असा तो शेतकरी होता. कॅथरिनबाईंचे आईवडील सिसिलीतल्या पालेर्मोजवळच्या चिमिन्ना या गावचे. त्यांचा स्वतःचा जन्म न्यूयॉर्कचा, 1912 सालचा. आपल्याकडच्या चाळींसारख्या दाटीच्या इमारती, एकेका खोलीत माणसांची गर्दी, खाली गल्लीत भाजीच्या हातगाड्या. एलिझाबेथ स्ट्रीटवर सिसिलीची माणसे राहत, शेजारच्या मलबेरी स्ट्रीटवर नेपल्सकडची. समुद्र ओलांडून आले तरी गाव सुटले नव्हते, हे आपल्याला वेगळे समजावून सांगायला नको. गिरणगावात घाटी आणि कोकणी याच रीतीने आपापल्या चाळी धरून राहिले होते.

या वस्तीतल्या बायका घर सांभाळून शिवणकाम करीत. कॅथरिनबाईंनीही कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम केले. त्यांचे यजमान चार्ल्स त्याच धंद्यात कपड्यांना इस्त्री करीत. हा धंदा काय होता ते कळण्यासाठी एकच गोष्ट सांगतो. कॅथरिनबाई जन्मल्या त्याच्या आदल्या वर्षी, 25 मार्च 1911 रोजी, त्याच शहरातल्या ट्रँगल नावाच्या कपड्यांच्या कारखान्याला आग लागली. बाहेर पडायच्या दाराला कुलूप होते. 146 माणसे मेली. त्यांतल्या 123 बायका, आणि त्याही बहुतेक इटालियन व ज्यू घरांतल्या कोवळ्या मुली. ज्या आईच्या प्रेमाच्या आपण गोष्टी सांगतो, ती आई अशा धंद्यातून मजुरी घेऊन घरी येत होती आणि मग चुलीपुढे उभी राहत होती. तिने काय केले हे सांगताना मजुरीचा भाग नेहमी गाळला जातो. आपल्याकडेही तसेच. आई दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जात होती हे तेराव्याच्या भाषणात कोणी सांगत नाही, तिच्या हातच्या पुरणपोळीचे मात्र सगळे सांगतात.

या लोकांचा धर्म ख्रिस्ती, पंथ कॅथलिक. पण त्यांची भक्ती चर्चच्या चार भिंतींत मावणारी नव्हती. त्याच शहराच्या उत्तर भागात 115 व्या रस्त्यावर कार्मेलच्या मातेचे देऊळ आहे. दरवर्षी 16 जुलैला तिथे मरियेची मूर्ती रस्त्यावर निघे आणि मागून बायका अनवाणी चालत. जुलैतला रस्ता, खाली तापलेले डांबर, हातात नवसाची मेणबत्ती. काहींच्या मेणबत्त्या तर नवसकर्त्याच्या वजनाइतक्या जड असत. रॉबर्ट ऑर्सी नावाच्या अभ्यासकाने या उत्सवावर 1985 साली एक ग्रंथ लिहिला. त्यात त्याने दाखवून दिले आहे की या माणसांचा खरा धर्म ‘घर’ हाच होता. मरिया ही त्या घराची मोठी आई, आणि घरातली आई ही मरियेच्या ओळीतली. आषाढीच्या आसपासच्याच दिवसांत जगाच्या दुसऱ्या टोकाला बायका नवस फेडायला अनवाणी चालत होत्या, हे वाचले तेव्हा मला फार नवल वाटले नाही. पायाला फोड आले की आई गं म्हणावे आणि चालत राहावे, यासाठी एकच धर्म असावा लागतो असे नाही.

स्कॉर्सेसींच्या घरात कर्मठपणा फारसा नव्हता, असे मुलानेच सांगितले आहे. कॅथरिनबाई रोज चर्चची पायरी चढत होत्या असे काही मी तुम्हाला सांगणार नाही. थोरला फ्रँक आणि धाकटा मार्टिन, अशी दोन मुले. धाकट्याला दम्याचा विकार. त्याला गल्लीत खेळता येत नसे, म्हणून आईवडील त्याला सिनेमाला नेत. पुढे तो पाद्री व्हायला म्हणून शाळेत गेला, ते जमले नाही, आणि सिनेमे काढू लागला. आज मार्टिन स्कॉर्सेसी हे नाव सिनेमा पाहणाऱ्यांना जगभर माहीत आहे.

1974 साली या मुलाने एक साधी गोष्ट केली. तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता आणि नुकते त्याचे नाव होऊ लागले होते. तो कॅमेरा घेऊन आईवडिलांच्या घरी गेला, त्यांना सोफ्यावर बसवले आणि म्हणाला, बोला. पन्नास मिनिटांनाही एक मिनिट कमी असा तो लहानसा चित्रपट आहे. नाव ‘इटालियनअमेरिकन’. त्यात काही घडत नाही. यजमान सोफ्याच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसतात आणि कॅथरिनबाई त्यांना चिडवतात, इतक्या लांब का बसलात म्हणून. मग दोघे बोलत राहतात. जुनी घरे, गरिबी, आईवडील सिसिलीहून कसे आले, सणाला काय होई. एकाचे वाक्य दुसरा तोडतो. मधेच त्या उठतात, स्वयंपाकघरात जातात, आणि आपला टोमॅटोचा रस्सा कसा करायचा ते दाखवतात. चित्रपट संपतो तेव्हा काम करणाऱ्यांच्या नावांबरोबर त्या रश्श्याची कृतीही पडद्यावर येते. रश्श्यात मांसाचे गोळे असतात, तेव्हा माळकऱ्याने ती कृती उतरवून घेण्यात अर्थ नाही. पण आईच्या हातचे काय ते मुलाने कुठे मांडून ठेवले, ते बघा. जिथे मोठमोठ्या लोकांची नावे येतात, तिथे.

या चित्रपटात मुलाने आईची स्तुती केलेली नाही. एक शब्दही नाही. तो तिला विचारतो आणि ऐकतो. हा फरक बारीक वाटेल, पण माझ्या मते सगळे प्रकरण इथेच आहे.

आपण आईची आठवण कशी काढतो ते बघा. ती गेल्यावर काढतो. तसबीर करून आणतो, हार घालतो, आणि मग ठरलेले शब्द येतात. त्याग, कष्ट, सोशिकता, माया. स्वतः उपाशी राहून मुलांना घातले. कधी तक्रार केली नाही. शब्द खोटे नसतात. पण ते कुठल्याही आईला लावता येतात, आणि जे कुठल्याही आईला लागू पडते ते हिचे एकटीचे राहत नाही. तिचा फोटो काढून शेजारणीचा लावला तरी भाषण तेच चालेल! तिला कशाचा राग येई, नवऱ्याला ती एकांतात काय म्हणे, कुठले गाणे गुणगुणे, माहेरची कुठली गोष्ट तिला आयुष्यभर बोचली, वारीत तिची कोणाशी मैत्री होती आणि कोणाशी भांडण, हे आपल्याला माहीत नसते. आपण विचारलेले नसते. तिने आपल्यासाठी काय केले तेवढे आपल्याला ठाऊक असते. म्हणजे आठवण तिची म्हणायची, पण आठवणीच्या मध्यभागी आपणच बसलेलो असतो.

हे जरा टोचेल. पण देवाच्या बाबतीत आपण हाच भेद किती काटेकोरपणे करतो! देवाने मला काय दिले एवढेच जो आठवतो, त्याला आपण सकाम म्हणतो. देवाला देव म्हणून आठवावे, त्याचे रूप पाहावे, त्यासाठी युगे अठ्ठावीस झाली तरी विटेवरचा तो उभाच आहे असे म्हणतो. मग आईच्या आठवणीत सकामता चालते कशी? एलिझाबेथ स्ट्रीटवरची ती बाई त्या एकोणपन्नास मिनिटांत सोशिक दिसत नाही. ती गमतीदार आहे, नवऱ्याला बोलू देत नाही, गोष्ट रंगवून सांगते, आपला रस्सा चांगला होतो हे तिला पक्के माहीत आहे. तिच्या मुलाने पुढे तिला आपल्या कितीतरी चित्रपटांत लहान-लहान कामे दिली आणि तिने ती मजेत केली. वयाच्या सत्तरीनंतर सुद्धा. तिच्यावर त्यागमूर्तीचा शेंदूर थापला असता तर ही बाई त्याखाली दिसेनाशी झाली असती.

इथे पुंडलिक आठवतो. आपल्या सगळ्या पंथाची सुरुवात या मुलापासून आहे, आणि त्याने आईवडिलांच्या पश्चात काही केल्याची कथा नाही. ती दोघे समोर होती, हयात होती, त्यांचे पाय चेपले जात होते, तेवढ्यात देव आला. पुंडलिकाने वीट फेकली ती आईवडील जिवंत असताना. देवाला थांबवता येते, कारण देव कुठे जात नाही. आईवडील थांबत नाहीत. पुंडलिकाच्या या हिशेबाकडे आपण कथेतला चमत्कार म्हणून बघतो. तो साधा व्यवहार आहे.

आता कोणी म्हणेल, आईचे एवढे कौतुक ठीक, पण आईचे प्रेम आंधळे असते त्याचे काय? आक्षेप रास्त आहे. आणि गंमत म्हणजे तो खुद्द या मुलानेच आपल्या आईला पडद्यावर उभे करून मांडला आहे. 1990 साली त्याचा ‘गुडफेलाज’ हा गुन्हेगारांवरचा चित्रपट आला. त्यात मध्यरात्री एक गुंड आपल्या आईच्या घरी येतो, बरोबर दोन साथीदार. बाहेर त्यांच्या गाडीत एक माणूस अर्धमेला पडलेला आहे, आणि त्याला पुरायला म्हणून हे फावडे न्यायला आलेले आहेत. आई झोपेतून उठते. इतक्या रात्री आलात, बसा, जेवा. वाढते, बोलते, हसते, लग्न कधी करतोस म्हणून मुलाच्या मागे लागते. अंगावर रक्त कशाचे तर वाटेत हरिण धडकले, असे मुलगा सांगतो. तिला ते पटते. तिच्या स्वयंपाकघरातली सुरी तो मागून घेऊन जातो. ती आई होऊन बसलेल्या बाई म्हणजे कॅथरिन स्कॉर्सेसी. त्यांनी तो प्रसंग बराचसा सुचेल तसे बोलत उभा केला, म्हणजे स्वतःच्या घरी त्या जशा वागल्या असत्या तशा वागल्या.

हा प्रसंग पाहून माणूस अस्वस्थ होतो. प्रेम खरे आहे, जेवण खरे आहे, आणि त्या प्रेमाच्या आडोशाला एक खून लपला आहे. आपण विठ्ठलाला माउली म्हणतो ते याचसाठी ना, की ती विचारीत नाही? जात विचारीत नाही, पाप विचारीत नाही, आला त्याला जवळ घेते. मग न विचारणारी आई आणि न विचारणारा देव यांत फरक काय?

मला सुचते ते असे. न विचारणे हा आईचा दोष नव्हे, ते तिचे आईपण आहे. पण आईने विचारले नाही म्हणून मुलाने न सांगणे, हा मुलाचा अपराध आहे. तिचे न विचारणे हे मुलावरचे कर्ज आहे, आणि जितकी ती कमी विचारते तितके ते वाढते. आपल्या संतांनी देवाच्या न विचारण्याचा फायदा घेतला नाही. उलट स्वतःचे दोष उघडे करून त्याच्यापुढे मांडले. तुकोबांच्या वाणीत स्वतःवरचे किती प्रहार आहेत ते नित्य वाचणाऱ्याला सांगायला नको. माउलीच्या दाराशी येऊन जेवायचे आणि गाडीत काय आहे ते लपवायचे, हे त्या गुंडाने केले, आणि थोड्या प्रमाणात आपणही करतो. माळ घालून करतो, म्हणून जास्त.

असो. आता मूळ प्रश्नाकडे.

चार्ल्स 1993 साली गेले. 1996 मध्ये कॅथरिनबाईंचे पाककृतींचे पुस्तक निघाले, घरातल्या आठवणींसह. पुढच्याच जानेवारीत, 1997 साली, त्या गेल्या, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी. आजार अल्झायमरचा. माणूस जाण्याआधी माणसाची आठवण जाते तो हा आजार. कालचे आधी जाते, लहानपणीचे मागाहून. पुष्कळ रुग्णांत गाणी, प्रार्थना, हाताला बसलेली वळणे बराच काळ टिकून राहतात असे दिसते, पण शेवटी तीही सैल होतात. कोणाचे किती टिकेल हे सांगता येत नाही, आणि टिकले नाही तर त्यात त्या माणसाच्या निष्ठेची उणीव नसते. तो मेंदूचा रोग आहे. जसे पायाचे हाड मोडल्यावर वारी चालता आली नाही म्हणून कोणी तिला अभक्त म्हणत नाही, तसेच हे.

पण गीतेच्या आठव्या अध्यायाचे काय? अंतकाळी जे स्मरत देह ठेवावा ते मिळते, असे तिथे भगवंत सांगतात. हाच श्लोक त्या मुलाच्या मनात सलत असतो. त्याने पुढचाही श्लोक वाचावा. तिथे लगेच सांगितले आहे, म्हणून सर्वकाळ माझे स्मरण कर. म्हणजे शेवटच्या घटकेची परीक्षा वेगळी नाही. जे जन्मभर केले तेच त्या घटकेला असते, ओठावर आले किंवा न आले. नाम हे परीक्षेच्या दिवशी लिहायचे उत्तर असते तर अपघातात गेलेले, झोपेत गेलेले, गुंगीत गेलेले सगळेच नापास म्हणावे लागतील. असा देव हिशेबनीस होईल, माउली होणार नाही.

दक्षिणेतल्या श्रीवैष्णवांत वराह भगवंतांच्या मुखातले म्हणून एक वचन अतिशय जपले जाते. त्याचा आशय असा: शरीर-मन ठीक असताना ज्याने माझे स्मरण केले, तो पुढे लाकडासारखा, दगडासारखा निश्चेष्ट पडला असता त्याची आठवण मी ठेवतो. किती उघड सांगून टाकले आहे! भक्ताचे आठवण्याचे काम त्याच्या हातून निसटले की ते देव उचलतो. आणि आता त्या दूरच्या गल्लीकडे पुन्हा बघा. तिथल्या आज्या हातात जपमाळ घेऊन दर मण्याला मरियेची एक छोटी प्रार्थना म्हणत. त्या प्रार्थनेत आपल्या मरणाच्या घटकेची काळजी आधीच मरियेवर सोपवलेली असते. धडधाकट असताना, पन्नास-पन्नास वेळा, रोज. म्हणजे त्यांनीही ओळखले होते की ती घटका आपल्या हातात नसणार, ती आईच्या हातात देऊन ठेवलेली बरी. हे दोन धर्म एकच आहेत असे मला म्हणायचे नाही. तत्त्वज्ञान वेगळे, मोक्षाची कल्पना वेगळी. पण म्हातारपणी माणसाचे काय होते हे दोघांनी जवळून पाहिले होते.

आपल्या परंपरेत तर याहून जवळची गोष्ट आहे. अजामिळाने मरताना देवाला हाक मारली नाही, मुलाला मारली. मुलाचे नाव नारायण होते. भागवतकारांनी त्याला तेवढ्यावर सोडवले. आपल्या घरांतून मुलांची नावे पांडुरंग, विठ्ठल, ज्ञानदेव, तुकाराम, रुक्मिणी, मुक्ता अशी ठेवण्याची रीत पडली ती उगीच नव्हे. जुनी माणसे पुढचे बघत होती.

आणि मुलांची नावेही विसरली तर? विस्मरणाच्या आजारातल्या बाया पुष्कळदा शेवटी शेवटी आपल्या आईला हाका मारतात. ऐंशी वर्षांची म्हातारी, आईला जाऊन साठ वर्षे झालेली, आणि ती अंधारात विचारते, आई कुठं गेली? सूनबाई समजावतात, अहो आत्या, तुमची आई कधीच गेली. म्हातारी रडते, आणि दहा मिनिटांनी पुन्हा विचारते. घरातल्यांना हे फार जड जाते. पण वारकऱ्याने हे कसे ऐकायचे? जो सबंध पंथ देवाला विठाई म्हणतो, एकवीस वर्षांच्या ज्ञानदेवांना माउली म्हणतो, रस्त्यात धक्का लागला तर अनोळखी माणसालाही माउली म्हणून हात जोडतो, त्या पंथात आई या हाकेला ओ देणारी एकटी तिची जन्मदातीच आहे काय? जनाबाईला कोणी नव्हते. नामदेवांच्या घरी ती दळण-कांडण करी, आणि तिची वेणी घालायला, जात्याचा खुंटा धरायला विठ्ठल आई होऊन आला, अशी आपली श्रद्धा आहे. सगळ्यांची आई झालेल्या बाईला शेवटी स्वतःसाठी आई हवी असते. म्हातारी आई म्हणून हाक मारते तेव्हा तिचे नाम गेले असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

हे सगळे शास्त्राधार झाले. मात्र एक धोका सांगतो. देव आठवण ठेवतो, हे ऐकून घरच्यांनी सुटका मानायची नाही. वराहाचे वचन हे मुलाच्या कर्तव्याला पर्याय नव्हे. देव आठवण ठेवील ती कोणाच्या तरी तोंडून, कोणाच्या तरी हातून. न्यूयॉर्कच्या त्या मुलाने आईने रस्सा कसा केला ते आई विसरण्याच्या कितीतरी आधी लिहून घेतले होते, आणि ती गेल्यावर त्या वर्षीचा आपला ‘कुंदुन’ हा चित्रपट तिला अर्पण केला. तो चित्रपट तिबेटच्या दलाई लामांवरचा. सिसिलीकडच्या शिवणकाम करणाऱ्या कॅथलिक बाईच्या नावाने एका बौद्ध भिक्षूची कथा! मला हे आवडते. आईचे स्मरण आईच्याच धर्मात, आईच्याच गल्लीत कोंडून ठेवावे लागत नाही.

तुमच्या घरी जर अजून सगळे आठवणारी आई असेल, तर तिला विचारायला बसा. पहिली वारी कोणाबरोबर केली? दिंडीत भाकरी कोण भाजायचे? वडिलांना कसली भीती वाटायची? ती आधी म्हणेल, त्यात काय सांगायचं. उठू नका.

आणि जिथे ती विसरून गेली आहे, तिथे दिवसातून पन्नास वेळा एकाच प्रश्नाचे उत्तर देणारी कोणीतरी बाई असते, बहुधा सून किंवा लेक. तिची एकादशी चुकते, काकडा चुकतो, गेली तीन वर्षे वारी चुकली. तिला कोणी पुंडलिक म्हणत नाही. मंडळातल्या चार बायकांनी वार लावून घ्यावेत आणि तिला एक दुपार मोकळी द्यावी. आषाढीला दिंडी निघेल तेव्हा त्या गल्लीतून काढावी. जरा वळसा पडेल. त्या दारापुढे टाळकऱ्यांनी थांबून एक अभंग पुरा म्हणावा, आणि खाटेवरच्या म्हातारीला खिडकीशी आणून बसवावे. ती कदाचित विचारील, कोणाची माणसं ही? तिला सांगावे, तुझीच. आणि पुन्हा विचारले तर पुन्हा सांगावे.